कोरं रक्त

त्याचा खळगा पिवळा झाला नाही. बाकी सगळ्यांचे झाले. प्रयोगशाळेत नवं किट आलं की पहिला मान घरच्यांचा, असा तिथला शिरस्ता होता. आजारी पोरांचे जपून ठेवलेले नमुने एखाद्या अनोळखी किटच्या हवाली करण्याआधी ते आपल्याच रक्तावर चालवून बघायचं. म्हणून सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी बाह्या वर केल्या आणि ताईंनी एकेकाच्या दंडाला पट्टा आवळून थोडं थोडं रक्त काढून घेतलं. ताई म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्या चाचण्या ज्यांच्या हातून जात त्या बाई. त्यांच्याहून वयाने मोठे लोकही त्यांना ताईच म्हणत. दुपारी त्यांनी प्लेट त्याच्या टेबलावर आणून ठेवली. प्लॅस्टिकची तळहाताएवढी पाटी, तिच्यात ओळीने बारके खळगे, प्रत्येक खळग्यात एकेकाच्या रक्ताचं पाणी. ज्याला गोवर होऊन गेलाय किंवा गोवराची लस टोचली गेलीय त्याचा खळगा पिवळा व्हायचा. तरुण पोरांचे लशीने झाले होते, वयस्करांचे खऱ्या गोवराने. आणि मधोमध, पुढचा एक दात पडलेल्या हसण्यासारखा, एक खळगा पाण्याइतका स्वच्छ होता.

"हा कोण कोरा?" त्याने विचारलं.

"तुम्ही सर," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, साहेबांना किटसुद्धा घाबरतं की काय."

तो हसला. हसण्यात त्याचा हातखंडा होता. मुलांच्या जुलाबाच्या संशोधनात ज्याने उभी हयात काढली त्याला हसावंच लागतं. मागे लोक त्याला ढाळसाहेब म्हणत हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला ठाऊक आहे हे लोकांना ठाऊक होतं. असा हा दोन्हीकडून चुकता झालेला हिशेब होता. "किट खराब असेल," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "एकट्या तुमच्यासाठी?" आणि प्लेट उचलून घेऊन गेल्या.

किट खराब असतं तर बरं झालं असतं. कारण तो कोरा खळगा त्याच्या सगळ्या आयुष्याच्या मुळावर येत होता. कोणत्याही सभेत, कोणत्याही शहरात, पडद्यावर पहिलं चित्र उमटण्याआधी तो दिवे मंद करायला लावी आणि सांगे : "मी चार वर्षांचा होतो. आमच्या घरात गोवर शिरला. मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच पलंगावर होतो. गोवर उतरला, पण मागोमाग जुलाब सुरू झाले. मी राहिलो, तो गेला. तेव्हापासून मी त्या जुलाबाच्या मागे आहे." एवढंच. पुढे आकडे, आलेख, विषाणूचं चाकासारखं चित्र. पण सभा जिंकलेली असे ती तेवढ्या वाक्यांवर. त्या गोष्टीने त्याला जे दिलं ते काही थोडं नव्हतं. प्रयोगशाळा दिली, परदेशी प्रवास दिले, समितीत खुर्ची दिली; लग्नाच्या बोलणीत बायकोच्या वडिलांचे डोळे ओले केले ते याच गोष्टीने. माणूस आपल्या दुःखाचं दुकान मांडतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुःखच हळूहळू फळ्या उघडून बसतं आणि माणसाला गल्ल्यावर बसवतं. त्यानेही माल खोटा असेल अशी शंका कधी घेतली नव्हती, कारण ती खोली त्याला दिसत असे.

दिसत असे म्हणजे आत्तासुद्धा, प्लेट नेल्यावर रिकाम्या झालेल्या टेबलाकडे बघताना दिसत होती. अरुंद खोली. खिडकीवर निळसर जाड कापड, कारण उजेड डोळ्यांना खुपे. छतावर ओल येऊन उमटलेला डाग, मान वळवलेल्या बदकासारखा. पलंगाच्या बाहेरच्या बाजूला तो. भिंतीच्या बाजूला दुसरा. दुसऱ्याच्या अंगाची धग. चादरीखालून येणारा तो आंबूस, गोडसर वास, जो पुढे आयुष्यभर रोज सकाळी जुलाबाच्या नमुन्यांच्या डब्यांची झाकणं उघडताना त्याच्या नाकात शिरणार होता. आईचा हात, चमचा, दातांवर चमच्याचा आवाज. मग एकदा भिंतीची बाजू गार. एवढंच त्याचं भांडवल. आता गोवर ही अशी चीज आहे की आजारी पोर खोलीतून निघून गेल्यावरही तिथली हवा पुढच्या माणसाला पकडते. एका पलंगावर, एका चादरीखाली ज्याच्या शेजारी गोवर झोपला त्याचं रक्त कोरं राहणं, नदीतून कोरडं बाहेर येण्याइतकंच शक्य. आणि एकदा झालेल्या गोवराची खूण रक्त मरेपर्यंत सोडत नाही. माणूस विसरतो, कागद हरवतात, नातेवाईक खोटं बोलतात. रक्त ही एकच अशी बाई आहे की जिला काहीही विसरता येत नाही, असं तो विद्यार्थ्यांना सांगत असे. विद्यार्थी हसत.

त्याने मग ते केलं जे त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. आपलं रक्त स्वतःच काढलं, भलताच क्रमांक घालून मुलांच्या नमुन्यांत मिसळलं आणि ताईंकडे पाठवलं. कोरं आलं. जुन्या किटवर करायला सांगितलं. कोरं. मग हट्टाने त्याच रक्तावर बालपणाच्या सगळ्या चाचण्या लावल्या. कांजिण्या होत्या. गालगुंड होते. जुलाबाचा विषाणू तर असा होता की खळगा पिवळाजर्द झाला. इतकी वर्षं त्याच्या संगतीत काढल्यावर तेवढी ओळख राहणारच. म्हणजे रक्त शाबूत होतं, स्मरणशक्ती उत्तम होती. फक्त त्या एका खोलीत ते कधी गेलंच नव्हतं.

"सर," प्लेट ठेवताना ताई म्हणाल्या, "तो भलता क्रमांक तुमचाच आहे, मला कळलंय. असा अठरा रोगांचा पाहुणचार एखाद्या पोरावर कुणी करत नाही. आता एक सांगू? उद्यापासून वॉर्डात जायचं नाही."

"माझा हंगाम आहे ताई. गोवराची लाट आलीय, मागून जुलाब येणार. आयुष्यभर ज्यांची वाट बघितली ते नमुने आता मिळतील. यंदा मी निवृत्त होतोय."

"ज्याच्या रक्तात खूण नाही त्याने गोवराच्या वॉर्डात पाय ठेवायचा नाही. हा नियम कुणी केला?"

"मी."

"मग. या वयात गोवर म्हणजे काही पोरखेळ नाही. लस घ्या. महिनाभर थांबा. मग जा."

लस घ्या. त्यांना काय, त्या सहज बोलून गेल्या. तो संध्याकाळी चालत घरी निघाला, आणि दुकानांच्या काचांमधून शेजारून चालणाऱ्या माणसाकडे बघत राहिला. चेहरा तोच होता. पण काचेतला माणूस किंचित उशिरा वळतो की काय असं त्याला वाटलं. जणू त्याला आधी बघावं लागत होतं, हा कुठे निघालाय. ज्या माणसाला गोवर झाला नाही तो त्या पलंगावर नव्हता. जो पलंगावर नव्हता त्याने ते बदक बघितलं नाही. मग ते बदक कुणी बघितलं? शाळेत त्याला उशिरा घातलं होतं, तरी तो वर्गात सगळ्यांत बुटका होता हे त्याला एकदम आठवलं. गुरुजी त्याला पुढच्या बाकावर बसवीत आणि म्हणत, "तुझं वय कागदावर वाढतं, अंगाला लागत नाही." आणि वर्गात कुणाच्या अंगावर पुरळ दिसलं की आई त्याला दिवसचे दिवस घरात ठेवी, दाराला आतून कडी. तेव्हा ते लाड वाटले होते. पण ज्याला गोवर होऊन गेलाय त्या मुलाला कुणी गोवरापासून लपवत नाही. हे त्याच्यासारख्याला आजवर सुचू नये? वर्षानुवर्षं तो परक्या पोरांच्या आयांना खोदून खोदून विचारत आला होता, कधी झालं, कितीदा झालं, शेजारी कोण झोपत होतं. आपल्या आईला एकदाही विचारलं नव्हतं. जी गोष्ट आपल्याला पोसते तिची उलटतपासणी कुणी करत नाही.

सुट्टीच्या दुपारी बायको बाहेर गेली होती. आई खिडकीशी बसून चादरीची शिवण घालत होती. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते याचा तिला भारी गर्व, आणि समोर कुणी असलं की ती मुद्दाम दोरा तोडून पुन्हा ओवी. तिने आत्ताही ओवला.

"आई, मला गोवर कधी झाला?"

"लहानपणी. कधी होतो गोवर? म्हातारपणी?"

"माझ्या रक्तात त्याची खूण नाही."

"तुमच्या मशिनींचं काही सांगू नकोस. परवा त्या वजनकाट्याने मला तुझ्या बायकोपेक्षा जड ठरवलं."

"पुन्हा पुन्हा बघितलं, आई. नाहीच."

तिने दोरा दातांनी तोडला. मग शिवणीवरून बोट फिरवत राहिली. जिथे टाके सरळ होते तिथेसुद्धा.

"धाकट्याबद्दल विचारतोय मी," तो म्हणाला. "माझ्या शेजारी होता तो. जो गेला."

"कोण धाकटा?"

"आई."

"मला एका वेळी दोन मुलं कधीच नव्हती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. भाजीवाल्याला हिशेब समजावून सांगावा तसं. "एक होता. चार वर्षांचा. गोवर झाला, मग ढाळ लागले. तुला ठाऊकच आहे सगळं, तूच तर सांगत असतोस. ते घर आम्ही सोडलं. इकडे आलो. मग तू झालास."

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तो त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिला. कागदांचं काय, असं त्याने विचारलं असावं, कारण ती सांगत होती : "नाव तेच ठेवलं. तुझे बाबा म्हणाले नवा दाखला काढू. मी म्हटलं कशाला, आहे की. तो गेल्याची नोंद कुणी केली होती? मी करू दिली नाही."

"म्हणजे मी पाच वर्षांनी लहान आहे."

"मग तोटा काय झाला? केस रंगवायला नकोत."

त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. ढाळसाहेब पाच वर्षं आधी निवृत्त होणार होता, एका मेलेल्या मुलाचं वय झालं म्हणून. "आणि तू मला हे सगळं सांगितलंस," तो म्हणाला. "ती खोली. कापड. बदक. मी तिथे होतो असं सांगत राहिलीस, आणि मी पोरगा, मला ते दिसायला लागलं. असंच होतं, आई. लहान मुलांच्या डोक्यात..."

"मी?" आता ती पहिल्यांदा चिडली. "मी सांगितलं? त्या खोलीचं नाव या घरात काढायचं नाही म्हणून तुझ्या बाबांना शपथ घातली होती मी. ते मरेपर्यंत बोलले नाहीत. तू बोललास. धड जीभ वळत नव्हती तेव्हा. इथे, या जमिनीवर उताणा पडला होतास आणि वर बोट दाखवून म्हणालास, बदक कुठे गेलं? या छताला कधी डागसुद्धा नव्हता. त्या घराला होता. तो मला दाखवायचा रोज."

"मी ऐकलं असेल. तू झोपेत बोलत असशील. मी तुझ्याजवळ झोपायचो."

"असेन. झोपेत मी काय बोलते ते मला कसं कळणार? तू शिकलेला आहेस, तू म्हणतोस तर तसं."

ही पळवाट त्याने घट्ट धरली. झोपेत बोलणारी बाई, शेजारी जागं असलेलं पोर. अगदी स्वच्छ, छापता येईल असं स्पष्टीकरण. तरी त्याने विचारलं, आणि विचारायला नको होतं हे विचारता विचारताच त्याला कळलं : "मग दुसरा कोण? भिंतीकडचा?"

"तेही तूच सांगायचास. मी विचारायची, शेजारी कोण होतं रे? तू म्हणायचास, दुसरा. कुठाय तो? गेला. मग मी म्हणायची, जाऊ दे गेला तर. तू राहिलास ना." तिने चादर बाजूला ठेवली. तिचे हात रिकामे झाले तसे एकदम म्हातारे दिसायला लागले. "तो कोण ते मी कधी विचारलं नाही. त्या पलंगावर एकच जण होता. मला माझा मिळाला, मी दुसऱ्याची चौकशी कशाला करू?"

मग ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू आता त्याला घालवणार आहेस का?"

आयुष्यभर त्याने मुलांना राखण्याचं काम केलं होतं.

"तुमच्याकडे ती सुई असते ना गोवराची," आई म्हणाली. इतकी वर्षं जेवताना ती त्याचं बोलणं नुसतं ऐकत नव्हती, जमा करत होती हे त्याला आत्ता कळलं. "टोचली की रक्तात येतो ना तो?"

"येतो. अशक्त करून ठेवलेला असतो, पण जिवंतच."

"मग पुढे कुणाला कळेल, आधी होता की नव्हता?"

"नाही. रक्तावरून नाही कळणार."

"तुला?"

"मलाही नाही."

"मग टोचून घे," ती म्हणाली, आणि पुन्हा चादर ओढून घेतली.

तो टोचून घेणार नव्हता. निदान पुढचे काही दिवस तो असंच म्हणत होता. ताईंना म्हणाला वेळ नाही, बायकोला म्हणाला काही नाही, आणि स्वतःला म्हणाला की हे एवढंच माझं आहे. नाव त्या गेलेल्या मुलाचं. वय त्याचं. शाळेचा दाखला, पहिली आठवण, सभेतली ती वाक्यं, बायकोच्या वडिलांचे ओले डोळेसुद्धा त्याचेच. आईचा हात त्याच्यासाठी होता, तो ह्याच्या कपाळावर आला. साऱ्या शरीरात जिथे तो मुलगा पोचला नाही अशी एवढीच एक जागा : रक्तातला तो कोरा खळगा. तिथे मी आहे. दाढी करताना तो मनगटावरची निळी शीर बघत राही आणि त्याला वाटे, आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, सापडू नये म्हणून. उलट कधी वाटे, आत कुणी नाहीच. बाहेरच उभं आहे, आणि दार उघडायची वाट बघतंय. वॉर्डातून डबे येत होते. तो गेला नाही म्हणून कनिष्ठ मंडळी नमुने गोळा करत होती आणि निम्मे वाया घालवत होती, झाकणं सैल, क्रमांक चुकीचे. डबा उघडला की तो वास येई. आणि लाज वाटण्याची गोष्ट अशी की तो वास त्याला ओळखीचा वाटायचा थांबला नाही.

एका दुपारी वॉर्डातून निरोप आला की गोवर उतरलेल्या एका पोराचे जुलाब थांबत नाहीत, शेजारच्या खाटेवरचं सकाळी गेलं, साहेब येतील का बघायला. साहेब जाऊ शकत नव्हते. नियम साहेबांचाच. त्याने खुर्चीत बसल्या बसल्या बाही वर केली.

"आधी रक्त काढून घ्या," तो ताईंना म्हणाला. "एक नळी. मग टोचा."

"आधीचं कशाला? आधीचं कोरं आहे हे माहितीय आपल्याला."

"असू दे. ठेवायचंय."

त्या लशीने सहसा काही होत नाही. आठवड्याभराने किंचित अंग तापतं, एवढंच. त्याला ताप आला. कानामागे चार लाल ठिपके उठले. उजेड डोळ्यांना खुपायला लागला तेव्हा बायकोने पडदा ओढला आणि म्हणाली, "अहो, पोरांचे आजार काढायची ही वेळ आहे का?" तो पडून राहिला. खोली येईल म्हणून वाट बघत राहिला, आणि खोली आली. पण तिच्यात काहीतरी चुकत होतं. बदक उलट्या बाजूला मान वळवून होतं. त्याने पाठ सरकवली तेव्हा पाठीला भिंत लागली, गार. तो बाहेरच्या बाजूला नव्हता. बाहेरच्या बाजूला एक मुलगा होता, अंगाने तापलेला, डोळे सुजलेले. तो ह्याच्याकडे बघत होता, नव्या शेजाऱ्याकडे बघावं तसा, थोडा वैतागून, थोडा कुतूहलाने. मग त्याने छताकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाला. आईचा हात आला. तो हात बाहेरच्या कपाळावर थांबला, तिथेच राहिला, आणि ह्याच्याकडे आला नाही. ह्याला वाईट वाटलं नाही. फक्त इतकंच वाटलं, की हे मी जन्मभर दुसऱ्या बाजूने सांगत आलो.

ताप उतरला. महिन्याभराने ताईंनी पुन्हा रक्त घेतलं आणि प्लेट घेऊन आल्या त्या लांबूनच हसत. खळगा पिवळा होता. आजूबाजूच्यांत मिसळून गेला होता, शोधावा लागला. "आलात एकदाचे आमच्यात," त्या म्हणाल्या. त्याने सकाळीच आईला सांगितलं होतं. ती "बरं झालं" म्हणाली, आणि सुईत दोरा ओवला. आज वॉर्डात जायचं होतं. तिथे ते पोर अजून होतं, तग धरून.

ताई दोन नळ्या घेऊन उभ्या होत्या. नवी पिवळ्या खळग्याची, जुनी कोऱ्या रक्ताची. नव्या नळीवर त्यांनी न विचारता त्याचं नाव घातलं, भराभरा, जसं वर्षानुवर्षं पगारपत्रकावर, दरवाजावर, निबंधांवर लिहिलेलं होतं. मग जुनी उचलली.

"हिच्यावर काय घालू? तुमचंच ना?"

त्याच्याकडे जेवढी नावं होती तेवढी सगळी एकाच मुलाची होती.

"बिननावाचं ठेवता नाही येत सर," ताई म्हणाल्या. "शीतपेटी आवरायला घेतली की पहिलं ते जातं."

वॉर्डात ज्या तान्ह्याचं नाव अजून ठेवलेलं नसतं, त्याच्या डब्यावर त्याच्या आईचं नाव घालतात आणि पुढे लिहितात, बाळ. असले हजारो डबे त्याच्या हातून गेले होते. त्याने आपल्या आईचं नाव सांगितलं. ताईंनी लिहिलं, आणि पेन तसंच धरून वर बघितलं.

"पुढे?"

"बाळ," तो म्हणाला. "दुसरं."